धोबी आला, पाऊस गेला नाही

ऑक्टोबरची दुपार. आदल्या रात्री हस्ताचा पाऊस कोसळून गेलेला असतो, सकाळपासून ऊन चटका देत असतं, सदरा पाठीला चिकटलेला असतो. अशा वेळी गच्चीत साचलेल्या पाण्याच्या कडेला एक सडपातळ, पाठीवर करडा आणि पोटाशी पिवळा पक्षी शेपटी वरखाली हलवत फिरताना दिसतो. हा करडा धोबी. कोणी याला परीटही म्हणतं. पक्ष्यांच्या पुस्तकात हा 'हिवाळी पाहुणा' म्हणून नोंदलेला असतो. हिवाळ्याचा मात्र पत्ता नसतो. सह्याद्रीच्या ओढ्यांवर तर हा गणपतीच्या आगेमागेच हजर झालेला असतो, म्हणजे भर पावसात.

दर वर्षी नोव्हेंबरात वर्तमानपत्रांतून एक ठरलेली बातमी येते: सायबेरियात बर्फ पडू लागलं, थंडीने गारठलेले विदेशी पाहुणे आपल्या तलावांवर दाखल. या एका वाक्यात किमान तीन चुका आहेत. यातले पुष्कळ पक्षी सायबेरियाचे नसतातच. कोणी लडाख-तिबेटचे, कोणी कझाकस्तानचे, कोणी मंगोलियाचे, आणि रोहित तर चक्क कच्छच्या रणातले. दुसरं, थंडीला घाबरून ते निघत नाहीत. पिसांचा कोट थंडीला पुरून उरतो; अडचण पोटाची असते. पाणी गोठलं, किडे संपले, चिखल दगडासारखा घट्ट झाला की चोच कशात खुपसायची? आणि तिसरं, बर्फ पडेपर्यंत थांबला तो पक्षी बहुधा मेलाच. शहाणे पक्षी अन्नाची रेलचेल असतानाच निघतात. उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात घरटी करणारे तुतवार आणि टिलवे यांच्यातले प्रौढ जुलैतच परत फिरतात. आपल्याकडे आषाढ-श्रावण चालू असतो, आणि तिकडे त्यांचा शरद सुरू झालेला असतो.

'पाहुणा' या शब्दाशीही माझं भांडण आहे. सप्टेंबरात आलेला धोबी एप्रिलपर्यंत इथे राहतो. वर्षातले सात-आठ महिने जो आपल्याकडे काढतो आणि केवळ बाळंतपणापुरता हिमालयात जातो, तो पाहुणा कसला?

पण या लेखाचा मूळ प्रश्न वेगळा आहे. पक्षी येणं ही ऋतू बदलल्याची खूण, असं आपण पिढ्यान् पिढ्या धरून चाललो. ही खूण पक्ष्याला कोण देतं आणि आपल्याला कोण देतं? दोघांची घड्याळं एकच आहेत का?

आपल्याकडच्या जुन्या खुणा पाहाव्यात. पावसाळा ओसरता ओसरता पहाटे दक्षिणेला अगस्त्याचा तारा दिसू लागतो, आणि अगस्त्य उगवला की गढूळ पाणी निवळतं, असा संकेत संस्कृत वाङ्मयात सगळीकडे आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त अगस्त्याच्या उदयावर एक अध्याय आहे आणि खंजनावर, म्हणजे धोब्यावर, दुसरा. वर्षातला पहिला खंजन कुठे दिसला यावरून शुभाशुभ सांगण्याचा तो प्रकार आहे. कमळावर, गाईगुरांच्या जवळ, स्वच्छ पाण्याकाठी दिसला तर चांगलं. शकुनाचा भाग सोडून देऊ. पण 'वर्षातला पहिला धोबी' ही नोंद ठेवण्याजोगी गोष्ट आहे, हे त्या माणसाला दीड हजार वर्षांपूर्वी कळलं होतं. आजचे पक्षिनिरीक्षक मोबाइलवर तेच करतात.

मेघदूतातले राजहंस मात्र थोडे गोंधळात पाडतात. कालिदासाने त्यांना मेघाच्या सोबतीने, चोचीत कमळाच्या देठांची शिदोरी घेऊन कैलासाकडे धाडलं आहे. वाटेत क्रौंचरंध्र नावाची हंसांची खिंडही दाखवली आहे. दिशा अचूक आहे, हिमालयातून खिंडी धरून जाणंही खरं आहे. वेळ तेवढी कवीच्या सोयीची. आपल्याकडचे कादंब हंस मार्च-एप्रिलातच उत्तरेला गेलेले असतात, आषाढाच्या पहिल्या दिवसापर्यंत थांबत नाहीत.

लोकांच्या खुणा याहून साध्या. भाताला लोंब्या, सड्यांवर सोनकीचा पिवळा गालिचा, गवतावर दव आणि दवात चमकणारी कोळ्यांची जाळी, अंगणात हादग्याचा हत्ती. विजेच्या तारांवर माळभिंगऱ्यांच्या रांगा. सोलापूरकडे रब्बीची ज्वारी पेरायची घाई आणि आभाळात भोरड्यांचे थवे. भोरडी, म्हणजे गुलाबी अंगाची आणि काळ्या डोक्याची मैना, मध्य आशियातून येते आणि ऑगस्टातच पोचते. तिकडे ती टोळ खाते म्हणून चीनमधल्या शिंजियांगात तिच्यासाठी दगडविटांची घरटी बांधून देतात. इकडे ती हुरड्यावर उतरली की शेतकरी माळ्यावर चढून गोफण फिरवतो. पक्षी तोच, तिकडचा कामगार, इकडचा चोर.

पक्षी कुठून येतात आणि कुठे जातात हे माणसाला फार उशिरा कळलं. ॲरिस्टॉटलचं मत होतं की उन्हाळ्यातला थिरथिरा हिवाळ्यात रॉबिन होतो. १५५५ साली स्वीडनच्या ओलाउस माग्नुसने लिहिलं की भिंगऱ्या थंडीत तळ्याच्या तळाशी गोळा होऊन झोपतात. सतराव्या शतकातल्या एका इंग्रज विद्वानाने तर पक्ष्यांना चंद्रावर पाठवलं होतं. हसायला हरकत नाही, पण डोळ्यांदेखत हजारो पक्षी एका रात्रीत नाहीसे होत असतील तर माणूस काहीतरी जुळवणारच. १८२२ साली जर्मनीत मेक्लेनबुर्ग भागात एक पांढरा करकोचा मारला गेला, तेव्हा त्याच्या मानेत आरपार एक लांबलचक आफ्रिकी बाण अडकलेला सापडला. मान भेदलेली असताना तो आफ्रिकेतून युरोपात पोचला होता. आजही तो रोस्टॉकच्या विद्यापीठात जपून ठेवला आहे. मग १८९९ साली डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सन नावाच्या शाळामास्तराने मैनांच्या पायात ॲल्युमिनियमची अंकित वळी घालायला सुरुवात केली, आणि तर्काच्या जागी पत्ता आला.

भारतात हे काम मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने केलं. त्याला मोठं बळ मिळालं ते एका रोगामुळे. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापाने फणफणली. विषाणू सापडला तो रशियातल्या ओम्स्क भागातल्या एका विषाणूचा नातलग निघाला. तिथून इथवर तो पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांनी आणला असेल का, या संशयातून जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले आणि पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींच्या देखरेखीखाली हजारो पक्षी जाळ्यात पकडून, वळी घालून सोडण्यात आले. 'इन्फॉर्म बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी' अशी अक्षरं कोरलेली ती वळी पुढे मध्य आशियातून, रशियातून परत कळवली गेली. रोगाच्या भीतीने पक्ष्यांचे नकाशे तयार झाले, असा हा उलटा हिशेब.

आता मूळ प्रश्न: निघायची वेळ कशी कळते?

उत्तराचा पहिला धागा १९२०च्या दशकात कॅनडात विल्यम रोवन यांच्या हाती लागला. एडमंटनच्या कडाक्याच्या थंडीत त्यांनी जुंको नावाच्या छोट्या पक्ष्यांना पिंजऱ्यात ठेवलं आणि विजेच्या दिव्यांनी दिवस थोडा थोडा लांबवत नेला. बाहेर बर्फ असताना त्या पक्ष्यांची जननेंद्रियं वसंतातल्यासारखी वाढली. म्हणजे पक्षी थर्मामीटर पाहत नाही, उजेड मोजतो. दिवस आखडू लागला की शरीरात संप्रेरकं बदलतात, भूक खवळते, चरबी साचते. काही छोटे पक्षी आपलं वजन जवळजवळ दुप्पट करतात. लांब पल्ल्याचे पाणपक्षी तर निघण्याआधी आतडी आणि जठर आकसून घेतात. उडताना पचवायचं काहीच नसतं, मग ओझं कशाला. पिंजऱ्यातला पक्षीसुद्धा या दिवसांत रात्रभर फडफडत राहतो, आणि ज्या दिशेला जायचं त्याच बाजूच्या गजांवर उड्या मारतो.

मुंबईत सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत फरक सव्वादोन तासांचा. आपल्याला तो जेमतेम जाणवतो. साठ अंश उत्तर अक्षांशावर हाच फरक तेरा तासांचा असतो. तिथे ऑगस्टात उजेड दिवसामागे पाच मिनिटांनी कमी होतो. हे घड्याळ ढगाने झाकत नाही, पावसाने लांबत नाही, हवा तापल्याने बदलत नाही.

दिशा कशी कळते यावर तर ग्रंथ आहेत. सूर्य, तारे, पृथ्वीचं चुंबकत्व, ओळखीच्या नद्या आणि डोंगर, वास. सगळंच थोडं थोडं. मला यातला सर्वांत बोलका प्रयोग नेदरलँड्सच्या पेर्डेकचा वाटतो. त्याने शरदात हॉलंडमार्गे जाणाऱ्या अकरा हजारांहून अधिक मैना पकडल्या, विमानाने स्वित्झर्लंडला नेल्या आणि तिथे सोडल्या. १९५८ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांनी आधी एकदा प्रवास केला होता त्या प्रौढ मैनांनी मार्ग बदलला आणि आपल्या नेहमीच्या हिवाळी ठिकाणाकडे वळल्या. त्याच वर्षी जन्मलेल्या पोरी मात्र जन्मजात ठाऊक असलेल्या दिशेनेच, तेवढंच अंतर उडत गेल्या आणि स्पेनमध्ये पोचल्या. दिशा आणि अंतर रक्तात असतं. ठिकाण अनुभवाने कळतं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण भिगवणला किंवा ठाण्याच्या खाडीत उतरणाऱ्या थव्यांत पुष्कळ पिल्लं अशी असतात की त्यांच्या आईबापांनी त्यांना काही आठवडे आधीच मागे सोडलेलं असतं. त्यांना सोबत कोणी नसतं.

आपल्या प्रदेशातून जाणाऱ्या वाटा दोन तऱ्हेच्या. एक इथे मुक्कामाला येणाऱ्यांची. उत्तरेच्या टुंड्रापासून हिंदी महासागरापर्यंत तीस देशांवर पसरलेल्या या पट्ट्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. स्थलांतर करणाऱ्या पाणपक्ष्यांच्या १८२ जाती तो वापरतात. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, भुवई बदक हे त्यातले. पट्टकादंबही त्यातलाच, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस तिबेटच्या पठारावरून आणि मंगोलियातून येतो. हा एव्हरेस्टवरून उडतो अशी एक लाडकी दंतकथा आहे. पाठीवर यंत्रं लावल्यावर कळलं की सर्वाधिक उंची ७,२९० मीटर. बहुतेक नोंदी साडेपाच हजार मीटरच्या खालच्याच. पक्षी डोंगराच्या चढउताराला धरून उडतो, वर चढतो, पुन्हा खाली येतो, कारण विरळ हवेत वरच टिकून राहणं जास्त महाग पडतं. रात्रीची आणि पहाटेची गार, जड हवा त्याला सोयीची. दंतकथेपेक्षा ही काटकसर मला अधिक थोर वाटते.

दुसरी वाट नुसती ओलांडून जाणाऱ्यांची, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. युरोपातला नीलपंख, कोकिळेच्या जातीतला साधा कुकू, ठिपक्यांचा माशीमार हे सप्टेंबर-ऑक्टोबरात कच्छ-सौराष्ट्रात, कधी महाराष्ट्रातही उतरतात आणि आफ्रिकेला निघून जातात. मंगोलियात २०१९ साली यंत्र लावलेला ओनोन नावाचा कुकू झांबियापर्यंत गेला आणि पुढच्या वसंतात अरबी समुद्र ओलांडून भारतात परतला.

या वाटेवरचा राजा मात्र अमूर ससाणा. वजन दीडशे ग्रॅम, म्हणजे एका मोठ्या पेरूएवढं. सायबेरियाचा आग्नेय भाग आणि उत्तर चीन इथे घरटी करायची आणि हिवाळा दक्षिण आफ्रिकेत काढायचा. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाखोंच्या संख्येने हे नागालँडमध्ये उतरतात. वोखा जिल्ह्यात दोयांग धरणाच्या आसपास पांग्ती गावाजवळ २०१२ साली मासेमारीची जाळी झाडांवर पसरून दिवसाला हजारो ससाणे पकडले आणि मारले जात असल्याचं छायाचित्रांसह जगापुढे आलं. पुढच्याच वर्षी, २०१३च्या हंगामात, गावांनी आणि चर्चनी मिळून बंदी घातली आणि ती पाळली. एका वर्षात. वन्यजीव संरक्षणाच्या कामात इतक्या लवकर इतकं पूर्ण यश मी दुसरं ऐकलेलं नाही. त्याच नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली आणि त्यांना नावं दिली: नागा, वोखा, पांग्ती. नागालँडहून उठून भारतीय द्वीपकल्प तिरपं ओलांडत ते अरबी समुद्रावर गेले आणि पाच-सहा दिवस न थांबता सोमालियाच्या किनाऱ्याला लागले.

आपला महाराष्ट्र या तिरप्या रेषेवर आहे. म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीस लोणावळ्याजवळच्या पठारांवर काही दिवस हे ससाणे दिसतात आणि पुण्या-मुंबईचे कॅमेरेवाले पहाटे तिकडे धावतात. समुद्रावर त्यांना खायला काय, याचं उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आलं. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना प्रश्न पडला होता की गोड्या पाण्याचे साठे जवळजवळ नसलेल्या या बेटांवर ऑक्टोबर सुरू होताच लाखो चतुर कुठून येतात. २००९ साली त्यांनी मांडलं की हे पिवळसर चतुर दक्षिण भारतातून निघतात आणि ईशान्येकडून सुटलेल्या वाऱ्यावर स्वार होऊन हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिका गाठतात. पक्षी त्याच दिवसांत, त्याच वाऱ्यावर. शिदोरी सोबतच उडते.

पावसाळ्याच्या शेवटी माळावर चतुरांचे ढग दिसतात ते आपण पाहतो आणि विसरतो. त्या मुठीएवढ्या पक्ष्याचं समुद्र ओलांडणं वारा कधी फिरतो यावर अवलंबून आहे, आणि वारा फिरणं म्हणजेच मोसमी पावसाचं परतणं.

इथे दोन घड्याळांचा सांधा निसटू लागतो.

पक्ष्याचं घड्याळ उजेडाचं, उत्तरेतलं, पक्कं. आपलं घड्याळ पावसाचं. हवामान खात्याने २०२० साली मोसमी पावसाच्या तारखा नव्याने ठरवल्या. राजस्थानच्या वायव्य टोकातून पाऊस माघारी फिरण्याची जुनी सरासरी तारीख १ सप्टेंबर होती, ती १७ सप्टेंबर झाली. मुंबईतून जाण्याची २९ सप्टेंबरची ८ ऑक्टोबर झाली. येण्याची तारीख मात्र मुंबईपुरती एकाच दिवसाने हलली. पावसाने शेपूट लांबवलं. आणि सरासरीच्या बाहेरची वर्षं आणखी बोलकी: २०१९ साली माघारीला सुरुवातच ९ ऑक्टोबरला झाली, नोंदी सुरू झाल्यापासूनची सर्वांत उशिराची. शेतकऱ्याला हे सांगायला नकोच. काढणीला आलेलं सोयाबीन ऑक्टोबरात भिजताना त्याने पाहिलं आहे.

याचा पक्ष्यांशी संबंध काय? संबंध चिखलाचा आहे.

बहुतेकांना वाटतं पाणपक्ष्याला पाणी हवं, जितकं जास्त तितकं चांगलं. तसं नसतं. बुडी मारणाऱ्या बदकांना खोल पाणी चालतं. तुतवार, टिलवे, पाणटिवळे, शेकाटे यांना हवी बोटभर ते वीतभर पाण्याची, मऊ चिखलाची पट्टी. एकेकाच्या चोचीची लांबी एकेका खोलीसाठी घडलेली. महाराष्ट्राकडे मोठी नैसर्गिक सरोवरं फारशी नाहीत. लोणार वेगळं, विदर्भातले जुने मालगुजारी तलाव वेगळे. आपली नावाजलेली पक्षीस्थळं बहुतेक धरणांची देणगी: भीमेवरच्या उजनीच्या फुगवट्यावर भिगवण, गोदावरीवर जायकवाडीचा नाथसागर, आणि नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा, जो २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाला. धरण पक्ष्यांसाठी बांधलेलं नसतं. ते ऑक्टोबरात काठोकाठ भरलेलं असतं, आणि रब्बीची आवर्तनं सुटली की हळूहळू उतरतं, तसतसा कडेचा चिखल उघडा पडत जातो. भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळ इथले मच्छीमार, जे आता पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवतात, त्यांना हे कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगलं ठाऊक आहे. परतीचा पाऊस लांबला, धरण नोव्हेंबरातही भरलेलं राहिलं, तर पक्षी येऊनही दिसत नाहीत. रोहित तर पाणी उथळ होईपर्यंत फिरकतही नाहीत. लोक म्हणतात, यंदा पक्षी उशिरा आले. पक्षी उशिरा आलेले नसतात. ते आले, उतरायला जागा मिळाली नाही, म्हणून शेततळ्यांवर, ओढ्यांवर, गावाच्या सांडपाण्याच्या डबक्यांवर पांगले.

यावर कोणी म्हणेल, पांगले तर पांगले, पंख आहेत. खरं आहे, आणि काही प्रमाणात चालूनही जातं. पण हजारो किलोमीटर उडून आलेल्या, आकसलेल्या आतड्यांच्या पक्ष्याला पहिल्या आठवड्यात मिळणारा घास महत्त्वाचा असतो. आणि पाण्याच्या चढउताराचा खेळ केव्हा उलटेल सांगता येत नाही. राजस्थानातलं सांभर सरोवर अनेक वर्षं कोरडं राहून २०१९च्या त्याच लांबलेल्या पावसात भरलं. स्थलांतरित पक्षी मोठ्या संख्येने उतरले. नोव्हेंबरात तिथे अठरा हजारांहून अधिक पक्षी मेले. कारण निघालं बोट्युलिझम, कुजणाऱ्या चिखलात आणि मेलेल्या प्राण्यांत वाढणाऱ्या जिवाणूचं विष.

जगभरच्या अभ्यासांचा कल पाहिला तर घड्याळांची ही फारकत एकट्या मोसमी पावसाची गोष्ट नाही. नेदरलँड्समध्ये एक माशीमार पश्चिम आफ्रिकेतून वसंतात ठरल्या वेळी परततो, पण ओकच्या झाडांवरच्या सुरवंटांचा हंगाम उष्ण होत चाललेल्या वसंतामुळे आधीच होऊन गेलेला असतो. जिथे हा हंगाम सर्वांत आधी सरकला तिथे वीस वर्षांत त्याची संख्या सुमारे नव्वद टक्क्यांनी घटल्याचं २००६ साली प्रसिद्ध झालं. आणखी अस्वस्थ करणारी गोष्ट २०१६ साली पुढे आली. ध्रुवीय प्रदेशात बर्फ लवकर वितळलेल्या वर्षी जन्मलेली नॉट नावाच्या किनारपक्ष्याची पिल्लं वेळेवर पुरेसे किडे न मिळाल्याने लहान चणीची आणि आखूड चोचीची राहतात. मग ती पश्चिम आफ्रिकेच्या मॉरिटानियात पोचतात तेव्हा वाळूत खोल दडलेल्या शिंपल्यांपर्यंत त्यांची चोच पोचत नाही. चूक घडली उत्तर ध्रुवाजवळ, उपासमार सहाराच्या किनाऱ्यावर.

सगळेच पक्षी असे घड्याळाचे गुलाम नसतात, हेही सांगितलं पाहिजे. मध्य युरोपातले काही वटवटे आफ्रिका-स्पेन सोडून इंग्लंडात हिवाळा काढू लागले, आणि ही नवी दिशा त्यांच्या पिल्लांत रक्तातून उतरते हे पेटर बेर्थोल्ड यांनी १९९२ साली दाखवलं. स्पेनमधले कित्येक पांढरे करकोचे कचरा डेपोंवर पोट भरतं म्हणून आफ्रिकेला जातच नाहीत. ठाण्याच्या खाडीत शहराच्या सांडपाण्यावर शेवाळ माजलं आणि रोहितांनी गेल्या तीसेक वर्षांत तिथे बस्तान बसवलं. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमागे कुरव गाठ्या-वेफर्ससाठी घिरट्या घालतात. जे सर्वभक्षी, धीट, कमी अंतराचे, ते जुळवून घेतात. मार बसतो तो लांब पल्ल्याच्या आणि एकाच तऱ्हेच्या अन्नावर जगणाऱ्यांना. २०२३च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालातही हेच दिसतं: इथेच राहणाऱ्या पक्ष्यांपेक्षा दूरवरून येणाऱ्यांची घट अधिक.

सायबेरियन क्रौंचाचं उदाहरण मी मुद्दाम वेगळं काढतो. भरतपूरच्या केवलादेवला येणारी शेवटची जोडी २००१-०२च्या हिवाळ्यात दिसली. या पक्ष्यात वाट पिल्लांना आईबाप दाखवतात. आता ती वाट ठाऊक असलेलं कोणी उरलं नाही. केवलादेवचं पाणी कितीही चांगलं राखलं तरी. याच्या शेजारी राजस्थानातलंच खीचन ठेवावं. फलोदीजवळच्या या गावात लोक चबुतऱ्यावर धान्य टाकतात आणि मंगोलिया-कझाकस्तानहून कांड्या करकोचे ऑगस्टअखेरीपासून हजारोंनी येतात. २०२५ साली ते रामसर यादीत गेलं. धान्य घालून पक्षी पोसावेत का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मला विचाराल तर गावकऱ्यांच्या हातून गोणी काढून घ्यायला मी जाणार नाही.

महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह मानला जातो. निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ते सलीम अलींचा जन्मदिवस. माणसं अचूक निवडली आहेत. आठवड्याबद्दल मात्र शंका येते: शाळेची मुलं त्या आठवड्यात तलावावर जातात, तेव्हा पुष्कळदा तलाव काठोकाठ भरलेला असतो आणि दुर्बिणीत पाणीच पाणी. त्यांना शाळेच्या मैदानावरचा धोबी आणि तारेवरच्या माळभिंगऱ्या दाखवाव्यात, आणि दर वर्षी पहिल्यांदा कधी दिसल्या ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावं. २००७ साली 'मायग्रंटवॉच' नावाचा उपक्रम देशात सुरू झाला होता तो एवढ्याशाच नोंदीवर: पहिला पक्षी, तारीख, गाव.

माझ्याकडेही अशी एक वही आहे. डावीकडच्या पानावर धोब्याची तारीख, उजवीकडच्या पानावर शेवटच्या पावसाची. डावीकडची तारीख सप्टेंबरच्या उत्तरार्धात चार-दोन दिवसांनी इकडेतिकडे होते, पेनाने लिहिली तरी चालते. उजवीकडची मी हल्ली पेन्सिलीने लिहितो. हस्त झाला की लिहायची, चित्रात खोडायची, स्वातीत पुन्हा लिहायची. गेल्या खेपेला दिवाळीचा आकाशकंदील भिजला तेव्हा ती तिसऱ्यांदा खोडली, आणि गच्चीत साचलेल्या त्या ताज्या पाण्याच्या कडेला धोबी शेपटी हलवत किडे टिपत होता.